ॲन ब्रॅडस्ट्रीट समग्र : शोक आणि श्रद्धेच्या कवितांसाठी कोणती प्रत घ्यावी, आणि ती कशी वाचावी

सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत, राहून इंग्रजीत लिहिणाऱ्या ॲन ब्रॅडस्ट्रीटच्या शोककविता वाचायच्या म्हणून पुस्तक मागवणाऱ्यांची फसगत बहुधा पुस्तक निवडतानाच होते. तिच्या नावाची स्वस्त पुनर्मुद्रणं भरपूर मिळतात आणि त्यांतली काही १६५० साली लंडनला छापलेल्या पहिल्या संग्रहाची असतात. हा संग्रह तिच्या बहिणीच्या नवऱ्याने, जॉन वुडब्रिजने, छापून आणला. त्यात चार मूलद्रव्यं, चार ऋतू, माणसाच्या आयुष्याच्या चार अवस्था, जगातल्या चार राजवटी असा पांडित्याचा मोठा पसारा आहे. सर फिलिप सिडनी आणि राणी एलिझाबेथ यांच्यावरची शोकगीतंही आहेत. पण तिच्या स्वतःच्या घरातलं दुःख त्यात नाही, कारण ते अजून घडायचं होतं. पहिली नात गेली १६६५ साली, घर जळलं १६६६ साली. १६५० चं पुनर्मुद्रण घेऊन या कविता शोधत बसलात तर एकही सापडणार नाही. मागवण्याआधी वर्णनात मूळ छपाईचं साल बघा. तिथे १६५० असेल तर ते पुस्तक वेगळ्या कामाचं.

जेनीन हेन्स्ली यांनी संपादित केलेली आणि हार्वर्ड विद्यापीठाच्या बेल्कनॅप प्रेसने १९६७ साली काढलेली प्रत या वाचनासाठी सगळ्यांत सोयीची आहे. हे परीक्षण तिचंच. तिच्यात तीन थर एकत्र आले आहेत. पहिला १६५० च्या संग्रहाचा. दुसरा १६७८ च्या बॉस्टन आवृत्तीचा: ॲन १६७२ मध्ये वारली, त्यानंतर सहा वर्षांनी ही आवृत्ती निघाली आणि तिच्या कागदांत सापडलेल्या खाजगी कविता तिच्यात प्रथम आल्या. त्या लोकांपुढे याव्यात असा तिचा हेतू नव्हता, हे त्या आवृत्तीतच छापलेलं आहे. तिसरा थर अँडोव्हरच्या, म्हणजे ती राहायची त्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, हस्तलिखित वहीचा. तिच्यातली काही पानं ॲनच्या हातची, काही तिचा मुलगा सायमन याने उतरवून घेतलेली. ही वही पूर्ण छापून आली ती १८६७ मध्ये, जॉन हार्वर्ड एलिस यांच्या आवृत्तीत. नातवंडांवरच्या कविता दुसऱ्या थरात आहेत, जळलेल्या घराची कविता तिसऱ्या. हे सगळं एका पुठ्ठ्यात मिळणं ही या प्रतीची पहिली जमेची बाजू.

तिचा मुख्य दोषही यातूनच येतो. कवितांची लावणी स्रोताप्रमाणे आहे, काळाप्रमाणे नाही. पानं ओळीने उलटत गेलात तर १६६९ चे मृत्यू आधी भेटतात आणि १६६६ ची आग कितीतरी नंतर. त्यामुळे पाच-सहा वर्षांत एकामागून एक आलेल्या घावांचा जो क्रम आहे, तो हातातून निसटतो. या कवितांमधली श्रद्धा एकदाच मिळवून जपून ठेवलेली नाही. प्रत्येक घावाला ती नव्याने कमवावी लागते, आणि दर वेळी थोड्या वेगळ्या मार्गाने. हे क्रम लावल्याशिवाय दिसत नाही. म्हणून पेन्सिल घेऊन अनुक्रमणिकेवर आकडे टाकणं, हे या पुस्तकाबाबतचं पहिलं काम.

सुरुवात तिसऱ्या भागातल्या गद्याने करावी. तिथे तिने मुलांना उद्देशून लिहिलेलं पत्र आहे. आपल्या मृत्यूनंतर त्यांना उपयोगी पडावं म्हणून लिहिलेलं हे आत्मकथन कवितांची किल्ली आहे. लग्नानंतर बरीच वर्षं मूल झालं नाही याचं दुःख, आजारपणं आणि मुख्य म्हणजे शंका: शास्त्र खरं आहे कशावरून, देव आहे हे तरी कशावरून, चमत्कार तर आपण एकही पाहिला नाही. कडव्या प्रोटेस्टंट, प्युरिटन पंथातली आई आपल्या आठ मुलांसाठी हे लिहून ठेवते, लपवत नाही. तिची श्रद्धा प्रश्न न विचारणारी होती असं समजून कविता वाचणाऱ्याने आधी ही चार-पाच पानं वाचावीत.

त्यानंतरचा क्रम असा. ऑगस्ट १६६५ मध्ये दीड वर्षांची होऊन गेलेली नात एलिझाबेथ. मग १० जुलै १६६६ ची आग. मग २० जून १६६९ रोजी वारलेली नात ॲन, वय तीन वर्षं सात महिने. मग ३१ ऑगस्ट १६६९ ही तारीख असलेली थकलेल्या यात्रेकरूची कविता. ही वहीत आहे, तिच्या स्वतःच्या अक्षरात. मग १६ नोव्हेंबर १६६९, नातू सायमन, वय एक महिना एक दिवस. शेवटी सून मर्सीवरची कविता.

इथे एक खाचखळगा आहे. मर्सीच्या कवितेच्या शीर्षकात मृत्यूची तारीख ६ सप्टेंबर १६६९ अशी आली आहे. ती खरी मानली तर सायमनचा जन्म आई वारल्यानंतर महिन्याहून अधिक काळाने होतो, कारण १६ नोव्हेंबरला तो महिना आणि एक दिवसाचा होता. शीर्षकातलं साल एका वर्षाने चुकलं आहे. घटना १६७० ची. कवितेतला पुरावाही तेच सांगतो: मर्सी आता आपल्या चार मुलांजवळ विसावली आहे असं तिथे म्हटलं आहे, म्हणजे सायमन आधीच गेलेला आहे. शीर्षकावर विसंबून ही कविता सायमनच्या आधी वाचलीत तर दोन्ही कवितांचा अर्थ बिघडतो.

आता एकेक कविता. एलिझाबेथवरची चौदा ओळींची, सात-सात ओळींची दोन कडवी. यमकाची रचना दोन्हींत सारखी: पहिल्या चार ओळी एकाआड एक जुळतात आणि शेवटच्या तीन एकाच यमकात येतात. कडव्याची सातवी ओळ बाकीच्यांपेक्षा दोन उच्चारखंडांनी लांब आहे. मोठ्याने वाचताना ती घाईने उरकू नये, तिथेच कविता थबकते. दोन्ही कडव्यांतल्या या तिपेडी यमकाला एकच नाद आहे. नियती या अर्थाचा शब्द पहिल्या कडव्यात त्या तिपेडीच्या तोंडाशी येतो, दुसऱ्यात कवितेच्या अगदी शेवटी.

पहिल्या कडव्यात तीन वेळा निरोप आहे आणि लगेच प्रश्न: तुझ्या नशिबावर मी का रडावं? रडणं तोवर होऊन गेलेलं आहे, तीन निरोप म्हणजे तेच. दुसरं कडवं वरवर निसर्गाचे दाखले देतं. झाडं पूर्ण वाढल्यावर कुजतात, फळं पिकल्यावर गळतात, धान्य आणि गवत आपल्या हंगामात कापलं जातं. मग वळण येतं: नुकतं लावलेलं रोप उपटलं जाणं आणि उमललेली कळी खुडली जाणं, हे निसर्गाच्या नियमात कुठेच बसत नाही, ते फक्त त्याच्या, देवाच्या, हातून होतं. सांत्वन आणि तक्रार इथे एकाच वाक्यात आहेत, आणि व्याकरण दोन्ही वाचनं पेलतं. शेवटची ओळ म्हणजे शरणागतीच, असं शिकवणारी टिपणं जागोजाग मिळतात. ती अर्धीच बरोबर आहेत. दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या चार ओळींत जो युक्तिवाद रचला आहे, तो शरणागतीला लागतच नव्हता.

आणखी एक बारकावा. पहिल्या कडव्याच्या शेवटी नात चिरंतन अवस्थेला पोचली असं म्हटलं आहे, पण ती अवस्था कोणती हे नाही. त्या काळच्या न्यू इंग्लंडमध्ये हा फरक जीवघेणा होता. कॅल्विनच्या परंपरेत तारण देवाच्या निवडीवर अवलंबून, आणि मूल तान्हं आहे म्हणून ते निवडलेलंच असणार असं धरून चालता येत नसे. मायकेल विगल्सवर्थच्या १६६२ साली आलेल्या, घरोघरी वाचल्या गेलेल्या न्यायदिनाच्या काव्यात न निवडलेल्या तान्ह्या मुलांना नरकातली सगळ्यांत सोपी खोली दिली आहे. शेजारच्या घरात ते काव्य पाठ होत असताना ब्रॅडस्ट्रीटने दीड वर्षाच्या नातीबद्दल काय म्हटलं आणि काय म्हटलं नाही, हे जपून वाचायला हवं. चार वर्षांनी, नात ॲनच्या कवितेत, ती तारणाऱ्याजवळ अनंत सुखात आहे असं स्पष्ट म्हणते. मर्सीच्या कवितेत पुन्हा कचरते: सून आणि मुलं धन्य जनांत आहेत, आणि मध्ये कंसात, माझा भरवसा आहे. हा कंस मोठ्याने वाचताना गाळू नये.

जळलेल्या घराची कविता या पुस्तकातली सगळ्यांत प्रसिद्ध, आणि सगळ्यांत जास्त चुकीची वाचली जाणारी. ती एका सुट्या कागदावरून मुलाने उतरवून घेतली म्हणून उरली. चोपन्न ओळी, सत्तावीस द्विपदी, ओळीला चार आघात. तिचे तीन तुकडे पाडून वाचावी: पहिल्या वीस ओळी, पुढच्या सोळा, शेवटच्या अठरा.

पहिल्या वीस ओळी म्हणजे ती रात्र. गडगडाट, आगीची आरोळी, देवाला हाक, बाहेर येऊन जळतं घर बघणं. बघवेनासं झाल्यावर, चौदाव्या ओळीत, देणाऱ्या आणि घेणाऱ्या देवाची स्तुती. हे बायबलमधलं ईयोब १:२१. त्यानंतर हिशेब: ते त्याचंच होतं, माझं नव्हतं, त्याने सगळं नेलं असतं तरी ते न्यायाचंच, आणि तरी आपल्याला पुरेल इतकं ठेवलं. विसाव्या ओळीला धर्मशास्त्राच्या दृष्टीने कविता संपलेली आहे. स्वीकार झाला, कारण सांगितलं, कृतज्ञताही नोंदवली. भक्तिगीत असतं तर इथेच थांबलं असतं.

एकविसाव्या ओळीत ती त्या पडक्या जागेवरून जाते. एकदा नव्हे, वारंवार. तसा शब्दच तिथे आहे, आणि ही कविता त्या एका रात्रीची नाही हे त्यावरून कळतं. विसाव्या ओळीतला स्वीकार टिकला नाही. डोळे जागा शोधू लागतात: इथे ती पेटी होती, तिथे तो संदूक. मग तिचं बोलणं थेट घराशी सुरू होतं: तुझ्या छपराखाली पाहुणा बसणार नाही, तुझ्या मेजावर कोणी जेवणार नाही, जुन्या गोष्टी निघणार नाहीत, तुझ्यात दिवा लागणार नाही, नवऱ्यामुलाचा आवाज येणार नाही. दिवा आणि नवऱ्यामुलाचा आवाज ही जोडी प्रकटीकरण १८:२३ मधली आहे, आणि तिथे ती बाबेलच्या नाशाबद्दल आहे. देवाच्या शत्रूनगरीला दिलेला शाप ती आपल्या संसारावर, आपल्या राहत्या घरावर वापरते. बायबल तोंडपाठ असलेल्या समाजात हे नकळत होत नाही. माझी प्रिय वस्तू राखेत पडली, ही ओळ यशया ६४:११ ची. तिथे ती जळालेल्या मंदिराबद्दल आहे. आठ ओळींच्या आत तेच घर मंदिरही आहे आणि बाबेलही. अख्ख्या कवितेत यापेक्षा धीट जागा नाही. ती दिसण्यासाठी बायबल शेजारी उघडं हवं, कारण प्रत्येक संदर्भ पानाखाली उलगडून मिळेल अशी अपेक्षा या प्रतीकडून करू नये.

छत्तिसाव्या ओळीत बायबलच्या उपदेशक या पुस्तकातलं 'सगळं व्यर्थ' येतं, आणि सदतिसाव्यापासून ती स्वतःच्या मनाला दटावते. इथून शेवटपर्यंत वर असलेल्या घराचं वर्णन आहे, आणि शब्द सगळे खरेदीविक्रीचे: विकत घेतलेलं, पैसे चुकते केलेलं, किंमत अफाट, तरी देणगी म्हणून तुझंच केलेलं. सतराव्या ओळीत माझं नव्हतं असं म्हणणारी पन्नासाव्या ओळीला मालकीच्या शब्दाशी परत येते. हरवलेल्या सामानाचं दुःख खोटं ठरवायचं नाही, त्याला दुसरा पत्ता द्यायचा, अशी ही रचना आहे. शेवटची द्विपदी घाईने वाचली की निष्कर्ष वाटते: जगावर प्रेम नको, माझं धन वर आहे. पण त्रेपन्नावी ओळ विनंती आहे. मला आता जगावर प्रेम करू देऊ नकोस. प्रेम संपलं असतं तर हे मागावं लागलं नसतं. शालेय संकलनांत ही कविता पुष्कळदा एकटी येते, आणि श्रद्धेचा विजय या मथळ्याखाली शिकवली जाते. तो मथळा एकवीस ते छत्तीस या ओळी पुसून टाकतो.

नात ॲनवरच्या अठरा ओळींवर फार थांबायचं कारण नाही. बुडबुडा, काच, सावली, सुकणारं फूल या प्रतिमा त्या काळच्या प्रवचनांत ठायी ठायी होत्या. लक्ष द्यावं ते स्वतःला मूर्ख म्हणणाऱ्या जागेकडे: उसनं दिलेलं ते आपलं समजले. एलिझाबेथच्या कवितेतही फूल उसनंच होतं. आणि निरोपाच्या ओळीत दावीद बोलतो, २ शमुवेल १२:२३: तू माझ्याकडे येणार नाहीस, मी तुझ्याकडे येईन.

सायमनवरची कविता बारा ओळींची, आणि या पुस्तकातली माझ्या मते सर्वांत भेदक. तीन फुलं, दोन जेमतेम उमललेली, एक कळीतच. सर्वसमर्थाच्या हाताने खुडलेली. त्याच ओळीत, श्वास घ्यायला जागा न सोडता, तरी तो चांगला आहे. मूळ इंग्रजीत हे चार लहान शब्द आहेत, चार उच्चारखंड, ओळीच्या शेपटीला टाकलेले. आधीच्या सहा उच्चारखंडांना ते वजनाने पुरे पडत नाहीत, आणि ते कवयित्रीला ऐकू येतं आहे. पुढे ती गप्प राहायला सांगते: का, यावर वाद नको. तोंड धुळीत घालून म्हणू या की तो न्यायी आहे तसा दयाळूही. धुळीतलं तोंड विलापगीत ३:२९ मधलं आहे, आणि तिथे त्या ओळीला जोडूनच कदाचित आशा असेल असं येतं. तो दयाळू आहे आणि दयाळू आहे असं म्हणू या, यांतलं अंतर तिने ओळीत उघडं ठेवलं आहे. लगेचच्या द्विपदीत, सगळं नुकसान तो भरून देईल असं म्हणताना, यमक आघात नसलेल्या उच्चारखंडावर संपतं आणि ओळ किंचित लडखडते. हे मुद्दाम केलं की हातून गेलं, यावर वाद घालता येईल. वाचताना ती सरळ करू नये एवढंच.

मर्सीच्या कवितेत ती मुलाला, सॅम्युएलला, धीर देते आहे. फांद्या तुटताना पाहिल्या, आता झाड पडलं, आणि मी इतकी जवळ होते की त्याखाली चिरडले. धीर कुणात शोधायचा? ज्याने हा सगळा घाव घातला त्याच्यातच, फक्त त्याच्यातच. प्युरिटन शोकाचा सगळा पेच या एका ओळीत उघड्यावर आहे, आणि ती ओळ इथे पोचेपर्यंत पाच कविता मागे असाव्या लागतात. क्रम लावायचा आग्रह त्यासाठीच.

प्रतीच्या बाकी गोष्टी. हेन्स्ली यांनी स्पेलिंग आणि विरामचिन्हं आधुनिक केली आहेत. पहिल्यांदा वाचणाऱ्याला याने मोठी मदत होते, अभ्यासकाला अडचण. सतराव्या शतकातला स्वल्पविराम व्याकरणापेक्षा श्वासाचा असतो; तिथे पूर्णविराम पडला की डळमळतं वाक्य ठाम वाटू लागतं. शंका आली तिथे एलिस यांची १८६७ ची आवृत्ती उघडावी. तिचे हक्क कधीच संपले आहेत, स्कॅन मोफत मिळतात आणि स्पेलिंग जुनंच आहे. स्कॅनवरून यंत्राने काढलेला मजकूर मात्र टाळावा: जुना लांबट एस त्यात एफ होऊन बसतो आणि ओळी वाचता येत नाहीत. पाठभेदांचा पुरता हिशेब हवा असेल त्यांच्यासाठी मॅकएलराथ आणि रॉब यांची १९८१ ची समग्र आवृत्ती आहे. सहज वाचायला ती जड जाते.

या प्रतीला असलेली अमेरिकन कवयित्री एड्रियन रिच यांची प्रस्तावना सुंदर आहे, पण तिचा रोख कवी आणि स्त्री म्हणून ब्रॅडस्ट्रीटकडे बघण्याचा. श्रद्धेचा पेच तिच्या केंद्रस्थानी नाही. कवितांनंतर वाचली तर जास्त देते. पुस्तकाचा पूर्वार्ध, चार-चारांच्या मालिका, या वाचनात सरळ वगळावा. तिने मुलगा सायमनसाठी १६६४ मध्ये लिहिलेली सत्त्याहत्तर छोटी चिंतनं मात्र सोडू नयेत. रोज पाच-सहा वाचावीत. त्यातलं मुलाचं दूध तोडण्याचं चिंतन नातवंडांच्या कवितांच्या आदल्या दिवशी. जगावरची माया हळूहळू तोडायला देव माणसाला दुःख देतो, ही त्या समाजाची शिकवण तिथे घरगुती भाषेत आहे, आणि कवितांत ती कुठे कमी पडते हे त्यानंतर लगेच कळतं.

यानंतर दुसरं पुस्तक घ्यायचं तर एडवर्ड टेलरच्या कवितांचं, डोनाल्ड स्टॅनफर्ड संपादित, येल, १९६०. टेलर वेस्टफील्डचा पाद्री. पहिल्या पत्नीपासून त्याला आठ मुलं झाली, पाच तान्हेपणीच गेली. विवाह आणि मुलांचे मृत्यू यांवरची त्याची कविता सात कडव्यांची, प्रत्येक सहा ओळींचं. पहिल्या मुलीच्या मृत्यूला तो सावरलेल्या सुरात सामोरा जातो. दुसरीच्या वेळी सहा आठवड्यांचा ताप, ओकाऱ्या, किंकाळ्या हे सगळं नाव घेऊन कवितेत येतं. ब्रॅडस्ट्रीट या शोककवितांत आजाराचं वर्णन कुठेच करत नाही. टेलर करतो आणि मग म्हणतो की तुझी इच्छा आड नसती तर निसर्गाने तुला दोष दिला असता. या कवितेची फक्त दोन कडवी त्याच्या हयातीत, १६८९ मध्ये, कॉटन मॅथर या बॉस्टनच्या पाद्र्याच्या पुस्तकात छापून आली. बाकीचं त्याचं काव्य येलच्या ग्रंथालयात पडून राहिलं आणि त्यातलं निवडक १९३९ मध्ये पुस्तकरूपाने बाहेर आलं. स्टॅनफर्ड यांनी जुनं स्पेलिंग ठेवलं आहे, त्यामुळे हेन्स्लींच्या प्रतीची सवय झालेल्यांना पहिली काही पानं मोठ्याने वाचावी लागतील. टेलरच्या निवडक कवितांचं पुस्तक घेत असाल तर अनुक्रमणिकेत ही कविता आहे का ते आधी तपासा. निवडक आवृत्त्यांचा भर बहुधा त्याच्या प्रभुभोजनापूर्वीच्या चिंतनकाव्यावर असतो.